मे महिन्यात वावरात राबताना लघवी कमी आणि पिवळी का होते?

किडनी बिघडली असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा हा हार्मोनचा हिशेब असतो. आमच्याकडे यवतमाळात पऱ्हाट्या उपटायला गेलं की अकरापर्यंत बंडी पाठीला चिकटते, अन् वाळली की तिच्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. घामातून पाणी गेलं की रक्त दाट होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं. मग तहान लागते, आणि वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे हार्मोन सुटतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी तसंही रक्तात परत जातं, एडीएच आलं की उरलेल्यातलंही ओढून घेतलं जातं. म्हणून लघवी थोडी अन् गडद.

मिठाचं खातं वेगळं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मिठातलं सोडियम शरीरात राखतं. उन्हाची सवय झाली की त्यामुळे घामही कमी खारट होतो.

दारूने मात्र एडीएच दबतं. पिऊन उन्हात जाणारा गडी घामातूनही पाणी घालवतो अन् लघवीतूनही. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा दिवसभर झालीच नाही, तर मठ्ठ्यावर भागवू नका, दवाखाना गाठा.