आधी पेटीतलं बाळ बघून ये

प्रिय पोरी,

तुझा संशोधन-प्रस्ताव काल रात्री वाचला. पहिल्याच पानावर तू व्हीईजीएफला, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला, 'रोगकारक प्रथिन' म्हटलं आहेस. तो शब्द आधी काढ. त्याच्यामुळे तुझे पुढचे प्रश्न भरकटलेत.

१९९६ साली दोन गटांनी उंदरांमध्ये या प्रथिनाच्या जनुकाची दोनपैकी फक्त एक प्रत निकामी केली. बहुतेक जनुकांचं एका प्रतीवर भागतं. इथे भागलं नाही. रक्तवाहिन्या धड बनल्याच नाहीत आणि गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास पोटातच गेले. ज्याचं प्रमाण निम्म्यावर आलं तरी जीव जन्मच घेत नाही, त्याला नुसतं रोगकारक म्हणून कसं चालेल?

तू आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, हा विषय निवडलास याचा मला मनापासून आनंद आहे, कारण या प्रथिनाची दोन्ही रूपं त्या एका आजारात दिसतात. पोटातल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यात साधारण सोळाव्या आठवड्यापासून रक्तवाहिन्या मधून कडेकडे सरकायला लागतात आणि थेट नवव्या महिन्यापर्यंत सरकत राहतात. पुढच्या भागाला प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात, वाहिनी त्या दिशेने वाढते. अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर येतं तेव्हा हे काम अर्धवट असतं. अशा बाळाला ठेवतात त्या उबदार काचेच्या पेटीत त्याला प्राणवायू दिला की पडद्याची ती भूक मरते, व्हीईजीएफ घसरतं, वाढ थांबते. काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याची गरज वाढते आणि वाहिन्या मात्र तिथवर पोचलेल्या नसतात. मग व्हीईजीएफ उसळतं. नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या, आणि पडद्याला ओढून सोडवणाऱ्या. प्रथिन तेच, बाळही तेच; मध्ये गेले फक्त काही आठवडे.

१९४० आणि १९५० च्या दशकांत अशा प्राणवायूने हजारो मुलं आंधळी झाली. मग प्राणवायू आखडता घेतला, तर बाळं दगावू लागली. हा इतिहास नीट वाच, घाईने नको.

म्हणूनच व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनबद्दल लिहिताना जपून. डोळा वाचतो, हे खरं. पण औषध डोळ्यातून रक्तात उतरतं, रक्तातलं व्हीईजीएफ काही आठवडे खाली राहतं, आणि त्याच काळात बाळाची फुप्फुसं नि मूत्रपिंडं घडत असतात. डोस किती आणि कोणत्या आठवड्यात, हा तुझ्या प्रबंधाचा गाभा हवा.

आता प्रयोगशाळेतलं. व्हीईजीएफचं मोजमाप सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, करू नकोस; प्लाझ्मा, म्हणजे न गोठवलेल्या रक्तातला द्रव, घे. रक्त गोठताना प्लेटलेट्स, म्हणजे गोठवणाऱ्या रक्तकणिका, आपल्याजवळचं व्हीईजीएफ सोडतात आणि आकडा फुगतो. माझे पहिल्या वर्षाचे नमुने याच चुकीत वाया गेले. तान्ह्या बाळांचं रक्त होतं ते. आजही लागतं मनाला. वय मोजताना जन्मापासूनचे दिवस आणि गर्भावस्थेचे आठवडे, दोन्ही लिही.

कोणत्या बाळांचे डोळे तपासायचे, याचे अमेरिकेचे निकष तसेच उचलू नकोस. तिथे १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांच्या आतली बाळं तपासतात. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही हा आजार होतो, म्हणून २००० ग्रॅमपर्यंतची किंवा ३४ आठवड्यांच्या आतली तपासायची, तीही जन्मानंतर ३० दिवसांच्या आत.

आणि मोजमापासाठी लागणारी अँटीबॉडी मागवण्याआधी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जा. परवानगी घेऊन, तपासणीच्या दिवशी, सकाळपासून शेवटच्या बाळापर्यंत थांब. एखादी आई विचारेल, 'घरी नेलं तर चालेल ना?' डॉक्टरांकडून पुढच्या तपासणीची तारीख घे आणि तिच्या हातात कागदावर लिहून दे. नवा मसुदा त्यानंतर पाठव.

तुझा,
सर