‘मिनिमम’ म्हणजे मिनिममच

मनीषनगरच्या एका वाचकाचं पत्र लांब आहे, पण त्यातली हकीकत मी वर्षभरात आठ-दहा जणांकडून ऐकली आहे. गाडीचं मॉडेल तेवढं बदलतं. सोळा लाखांची नवी टर्बो पेट्रोल गाडी. दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसलाच ‘चढावर इंजिनातून टकटक येते’ अशी तक्रार जॉबकार्डावर लिहिलेली. ‘नॉर्मल आहे, चालवत राहा’ म्हणून गाडी परत दिली. पुढे मे महिन्यात शिवमडक्याहून समृद्धीला लागले आणि वर्धा जिल्हा ओलांडायच्या आत गाडी टो करून आणायची वेळ आली. इंजिन उघडलं तर एक पिस्टन फुटलेला. आठवड्याभरात शोरूमचं पत्र आलं: ‘९५ ऑक्टेनऐवजी साधं पेट्रोल वापरल्याने नुकसान झालं, सबब वॉरंटी लागू नाही.’ दुरुस्तीचा अंदाज दोन लाख ऐंशी हजार.

वाचकाचे प्रश्न तीन. नवी गाडी मिळेल का? पेट्रोल पंपावर केस करावी का? आणि यापुढे पेट्रोल कोणतं टाकावं?

तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी, सहज विचारावा तसा विचारलात. सगळं प्रकरण त्यातच आहे. तुम्ही एकोणीस फोटो पाठवलेत. त्यात गाडीसमोर पेढे वाटतानाचाही एक आहे. सतरावा फोटो ओनर्स मॅन्युअलमधल्या इंधनाच्या पानाचा आहे आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. त्या पानावर दोन ओळी आहेत: ‘मिनिमम ९१ आरओएन’ आणि त्याखाली ‘९५ आरओएन रेकमेंडेड फॉर बेस्ट परफॉर्मन्स’. आरओएन म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर, पेट्रोलचा ऑक्टेन मोजायचं आपल्याकडचं माप. आता वॉरंटी पुस्तिकेतली अट पाहा. ‘मॅन्युअलमध्ये नमूद केलेल्या इंधनाव्यतिरिक्त इतर इंधन वापरल्यामुळे झालेलं नुकसान’ वॉरंटीतून वगळलं आहे. नमूद इंधन कोणतं? ९१ आणि त्यावरचं. ९५ ही शिफारस झाली. शिफारस न पाळणं म्हणजे अट मोडणं नव्हे.

भारतीय मानकाप्रमाणे बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचं आरओएन किमान ९१ असावं लागतं, प्रीमियमचं ९५. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने ते मिसळून आकडा खाली जात नाही, उलट वर सरकतो. म्हणजे शोरूमने ‘साधं पेट्रोल वापरलं’ असं लिहिलं, तेव्हा तुम्ही मॅन्युअलप्रमाणे वागलात हेच त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं. हे पत्र लॅमिनेट करा म्हणणार होतो. नका करू, मूळ प्रत लागेल.

पत्राला त्यांनी एक प्रिंटआउटही जोडलंय. अमेरिकेतल्या पंपांचा तक्ता आहे, त्यात ९१ च्या पुढे ‘प्रीमियम’ लिहिलंय. यावरून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने काढलेला निष्कर्ष असा की ९१ म्हणजेच प्रीमियम आणि तुम्ही टाकलंत ते त्याहून हलकं. तिकडच्या पंपावर लिहिलेला आकडा आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मापांची सरासरी असतो. आपला ९१ त्या हिशेबाने ८६-८७ च्या आसपास येतो, म्हणजे त्यांचं ‘रेग्युलर’. तुमच्या मॅन्युअलात ‘आरओएन’ स्पष्ट छापलंय, तेव्हा हा तक्ता गैरलागू आहे. तक्रारीत मात्र याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, हा समज शोरूमइतकाच ग्राहकांतही पक्का आहे. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की दाबाखाली तापलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधी आपोआप पेटण्याला किती विरोध करतं. टर्बोत हवा आधीच दाबून आत येते, वर आपला मे महिना, त्यामुळे टकटक होण्याची शक्यता वाढते हे खरं. म्हणूनच अशा इंजिनात नॉक सेन्सर असतो. टकटक जाणवली की इंजिनाचा कंप्युटर ठिणगीची वेळ मागे सरकवतो. ओढ थोडी कमी होते, पिस्टन वाचतो. कंपनीने मॅन्युअलात ९१ छापलं म्हणजे ९१ वर हे इंजिन सुरक्षित चालेल असं तिने सांगितलं. तरीही फुटलं असेल, तर सेन्सर, इंजेक्टर, टायमिंग, कूलिंग असं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. नेमकं काय ते मी सांगणार नाही, मी वकील आहे. अटीतला ‘मुळे’ हा शब्द मात्र माझ्या हद्दीत येतो. नुसतं वेगळं इंधन वापरलं म्हणून भागत नाही, त्यामुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. आणि जो अपवादाच्या आड उभा राहतो, त्यानेच तो शाबीत करावा, असा माझा युक्तिवाद राहील. मुळात दोष आहे हे दाखवण्याची पहिली जबाबदारी तुमचीच, ती टळत नाही.

आता तुम्ही स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड. नकाराचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही कंपनीला ई-मेल केला: ‘माझी चूक नाही, बहुतेक पंपवाल्यानेच भेसळ केली असेल.’ असं लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? त्यांच्या पत्रात भेसळीचा उल्लेखही नव्हता. वॉरंटी पुस्तिकेत भेसळयुक्त इंधनाचा अपवाद वेगळा, अगदी निःसंदिग्ध शब्दांत आहे. त्यांनी न उघडलेलं ते दार तुम्ही उघडून दिलंत.

आणि आता पंपावर केस करायची म्हणता. त्यासाठी तक्रारीत लिहावं लागेल की पेट्रोल खराब होतं आणि त्यामुळे इंजिन गेलं. कंपनीचा वकील मग काही बोलणारसुद्धा नाही, तुमचाच परिच्छेद वाचून दाखवेल. शिवाय पुरावा कुठे आहे? टाकी वर्कशॉपने ‘फ्लश’ केली, आणि खाली सही तुमची आहे. त्या दिवशी दोन स्वच्छ डब्यांत पेट्रोल काढून सील करून ठेवलं असतं तर आज वेगळं बोललो असतो. पंपावर टँकरचा राखून ठेवलेला नमुनाही इतके महिने राहत नाही. फिल्टर पेपर आणि घनतेची तपासणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, जरूर मागा, पण तिने ऑक्टेन कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतलं खास इंजिन लागतं. तेव्हा पंपाला सोडा. त्या ई-मेलचं काय करायचं? लपवायचा नाही. तो माहिती नसताना केलेला तर्क होता, असं तक्रारीत एका वाक्यात सांगायचं. नकारपत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात २०१९ मध्ये म्हटलं आहे. वॉरंटीला ते जसंच्या तसं लागू होईल असं छातीठोकपणे सांगत नाही, पण मी ते आधाराला घेईन.

मुदतीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. नकारपत्राला एकोणीस महिने झाले. पण टकटकीची पहिली नोंद असलेलं जॉबकार्ड बावीस महिन्यांपूर्वीचं आहे, आणि कंपनी तिथूनच मोजायला लावणार. मी नकारापासून मोजावं असं म्हणेन, पण त्या वादात पडायची गरजच का आणायची? दोन महिने आहेत, सहा आठवड्यांत दाखल करा. मधल्या काळात तुम्ही कस्टमर केअरला केलेले सव्वीस ई-मेल मुदत एका दिवसाने वाढवत नाहीत. ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ या उत्तरावर माणसं वर्ष-दीड वर्ष कशी काढतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दिलेली किंमत पन्नास लाखांच्या आत आहे, तुम्ही इथे राहता, आणि सोळा लाखांवर फी चारशे रुपये पडते. ऑनलाइनही भरता येते. दोष आणि सेवेतील त्रुटी, या दोन्हींवर मांडा. उत्पादन-दायित्वाचं प्रकरण त्यात घुसवू नका. कलम २(२२) मधल्या ‘हानी’च्या व्याख्येत वस्तूचं स्वतःचं नुकसान येत नाही. शोरूम आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा.

दाखल करतानाच दोन अर्ज सोबत द्या. एक कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशासाठी: फुटलेला पिस्टन, बाकी सुटे भाग आणि इंजिनाच्या कंप्युटरमधल्या नोंदी जशाच्या तशा राखून ठेवाव्यात. नॉक सेन्सरने काय नोंदवलं हे त्यातच असेल तर असेल. दुसरा कलम ३८(२) खाली तज्ज्ञ तपासणीसाठी. प्रयोगशाळेला अहवालासाठी पंचेचाळीस दिवस असतात, खर्च बहुधा तुम्हाला आधी भरावा लागेल. व्हीएनआयटीसारख्या संस्थेतला यंत्र अभियांत्रिकीचा तज्ज्ञ सुचवता येतो. आयोग मान्य करेलच असं नाही. आयोगात जाईपर्यंत थांबू नका, उद्याच वर्कशॉपला पोचपावतीसह पत्र द्या की जुने भाग भंगारात टाकू नयेत. पार्किंग चार्ज लावतात म्हणून वैतागून बाहेरच्या मेकॅनिककडून इंजिन बांधून घेतलंत, तर तपासायला उरणार काय?

कायदा म्हणतो, तपासणी लागली तर तक्रार पाच महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षांचा हिशेब धरा. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात आणि ही मुदत सक्तीची आहे, हे घटनापीठाने २०२० मध्ये सांगून झालंय. तारखा पडायच्या त्या पुढे पडतातच.

नवी गाडी? मला शक्यता कमी वाटते. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा, २००६: वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर पूर्ण गाडी मागता येत नाही. इंजिनाची विनामूल्य दुरुस्ती किंवा बदली, गाडी उभी राहिली त्या काळाची भरपाई आणि खर्च, एवढं मागा. नवी गाडी पर्यायी मागणी म्हणून खाली लिहा, त्यावर घर बांधू नका.

गाडी फर्मच्या नावावर आहे असं एका कोपऱ्यात लिहिलंय. ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप नक्की येईल, म्हणजे गाडी धंद्यासाठी घेतली, तेव्हा तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’च नाही. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेल्या गाडीत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो फेटाळला होता. तुमचा वापर काय होता ते कागदोपत्री दाखवावं लागेल. संत्र्याचे कॅरेट वाहिले असतील तर आत्ताच सांगा, उलटतपासणीत नको.

राहिला पेट्रोलचा प्रश्न. गाडी दुरुस्त होऊन आली की खुशाल ९५ टाका, जास्तीचे पैसे परवडत असतील तर आपल्या उन्हाळ्यात टर्बोला ते वाईट नाही. ग्रेड छापलेलं बिल मागून घ्या, यूपीआयच्या नोंदीत नुसती रक्कम दिसते. पण सर्व्हिस सेंटरचा फीडबॅक कॉल आला आणि ‘आता ९५ वर गाडी कशी चालते सर?’ असं विचारलं, तर ‘एकदम मस्त, आता टकटक नाही’ म्हणू नका. तो कॉल रेकॉर्ड होत असतो.