वाचकांचे प्रश्न : कारागृहातील शिक्षा आणि बंद्याचे म्हणणे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगत आहे. झडतीत बरॅकीतल्या पाण्याच्या टाकीमागे मोबाईल सापडला. तिथे चाळीसएक बंदी असताना ठपका एकट्या त्याच्यावर ठेवून तीस दिवसांची माफी (शिक्षेत मिळालेली सूट) कापली आणि महिनाभर मुलाखत (नातेवाइकांची भेट) बंद केली. एका छापील कागदावर सही घेतली, पण कागद वाचू दिला नाही. आता काही करता येईल का?
— एक वाचक, पर्वती, पुणे

उत्तर : मोबाईल कोणाचा, हा प्रश्न आपल्याला सर्वांत मोठा वाटणे स्वाभाविक आहे, तरीही सत्र न्यायालयात करायच्या अर्जाची सुरुवात त्याने करू नये. शिक्षा कोणत्या रीतीने दिली, हे आधी विचारावे. मनाई असलेली वस्तू बाळगणे हा १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ४५ खाली अपराध आहे आणि अधीक्षकांना त्याबद्दल शिक्षा देता येते, यात वाद नाही. मात्र कलम ५१ प्रमाणे शिक्षेच्या नोंदवहीत अपराध, त्याची तारीख, पूर्वीचे अपराध आणि दिलेली शिक्षा लिहावी लागते, आणि अपराध गंभीर असेल तर तो सिद्ध करणाऱ्या साक्षीदारांची नावेही. टाकीमागची वस्तू आपल्या भावाचीच, हे कोणी सांगितले, याचे उत्तर त्याच पानावर मिळेल किंवा तिथली जागा कोरी दिसेल. कोरी असेल तर आपल्या बाजूने बोलणारा तोच सर्वांत चांगला पुरावा.

सुनील बत्रा प्रकरणातील १९७९ च्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एकान्त कोठडी, सवलती काढून घेणे किंवा अशी कोणतीही वाढीव शिक्षा सत्र न्यायाधीशांनी तपासल्याखेरीज देऊ नये आणि निकड असल्यास निदान दोन दिवसांत त्यांना कळवावे. (त्या प्रकरणाची सुरुवात एका बंद्याने दुसऱ्याच्या छळाविषयी न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राने झाली होती, त्यामुळे साध्या पत्राला कमी लेखू नये.) माफी कापण्यास ही मान्यता घेतली होती का, हा आपला दुसरा प्रश्न.

नोंदीची आणि त्या मान्यतेची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी, पण अर्ज भावाच्याच सहीने जाऊ द्यावा. नातेवाइकाने मागितल्यास खासगी माहितीचे कारण पुढे केले जाण्याची शक्यता असते. न वाचता घेतलेल्या सहीचा उल्लेख सत्र न्यायालयातील अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात, तारखेसह करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी. कारागृह दुसऱ्या जिल्ह्यात असल्यास अर्ज तेथील सत्र न्यायाधीशांकडे जाईल. तिथे दाद मिळाली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

मुलाखतबंदीचा महिना आपोआप संपेल, कापलेली माफी मात्र सुटकेची तारीखच पुढे ढकलते; म्हणून अर्जात भर माफीवर असावा.