खात्यात पैसा दिसतो, पण आपला किती?

प्रिय मित्रा,

"आपण समाजकार्याला आलोय, धंद्याला नाही," असं, संस्थेच्या पैशांचा विषय काढलास म्हणून, कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांनी तुला सुनावलं म्हणतोस. मनावर घेऊ नकोस. हेच वाक्य मीही कितीतरी वर्षं अभिमानाने म्हणायचे.

मग एकदा महिनाअखेरीला पासबुक भरून आणलं. शिल्लक भरपूर, पण पगाराला पैसे नाहीत. जवळजवळ सगळी रक्कम एका देणगीदाराने ठरावीक प्रकल्पासाठी दिलेली. पुढचा हप्ता आला की भरून टाकू, म्हणत मी त्यातूनच पगार केले. हप्ता चार महिने रखडला. ऑडिटरने व्हाउचरवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे कुणाला विचारून केलंत?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी शिलकीचे दोन भाग पाडते, बांधील (ठरावीक कामासाठीच दिलेला) आणि मोकळा (संस्थेला हवा तिथे वापरता येणारा). शिवाय 12 महिन्यांचा एक तक्ता ठेवते. कोणत्या महिन्यात काय येणार, काय जाणार. मंजुरीपत्र आलं म्हणून पैसे आले असं धरायचं नाही. ते खरोखर खात्यात पडतील त्या महिन्यातच लिहायचे. कोणता महिना उणे जातोय हे तीन महिने आधी दिसलं, तर देणगीदाराला फोन करता येतो. आदल्या दिवशी कळलं तर फक्त उसनवारी उरते.

खर्च काढताना मात्र आपण सगळेच खोटं बोलतो. प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात मानधन आणि प्रवास येतो. भाडं, वीज, हिशेबनीसाचे दोन दिवस आणि प्रस्ताव लिहिण्यात गेलेला तुझा आठवडा मात्र येत नाही. खरा खर्च 100 आणि मागितले 85, तर प्रत्येक नव्या प्रकल्पागणिक 15 चा खड्डा पडतो. काम वाढलं म्हणून पेढे वाटणाऱ्या संस्था अशाच बुडतात. 'प्रशासकीय खर्च' म्हटलं की देणगीदार बिचकतो, हे खरं. पण 2013 साली अमेरिकेत गाईडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, सेवाभावी संस्थांची पारख करणाऱ्या, तिघांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं, की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. तेव्हा आकडा लपवू नकोस, समजावून सांग.

वस्तू विकून उत्पन्न मिळवायची तुझी कल्पना तूर्त बाजूला ठेव. त्यालाही आधी भांडवल लागतं, आणि ते मोकळ्या पैशातूनच काढावं लागतं.

हिशेब शिकायला एकट्या हिशेबनीसाला पाठवू नकोस. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी एकाला तरी सोबत धाड. आमच्याकडे सगळं एकाच्याच डोक्यात होतं. तो सोडून गेला आणि आम्ही दोन महिने फायली चाळत बसलो.

येत्या बैठकीत खजिनदारांना विचार: आजपासून एकही देणगी आली नाही, तर आपण किती महिने तग धरू? उत्तर मला कळव. फक्त ते पासबुकावरून काढलेलं नसावं.

तुझी,
ताई