मुलगी बेली डान्स शिकवते, आता पुढे काय?

मुलीने चांगली नोकरी सोडली, आता ती बेली डान्स शिकवते, कार्यक्रम करते, तिचं पुढे कसं होणार? हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील मला अधूनमधून भेटत असतात. चिंता साधारण तीनच असतात: लोक काय म्हणतील, लग्न कसं जमणार आणि चाळिशीनंतर खाणार काय. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून एका मायलेकींची हकीकत सांगते. दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई आधी एकट्याच आल्या. सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे मीही त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणत आले. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि माझ्याकडे सरकवून स्वतः खिडकीकडे बघत बसल्या. "तुम्हीच बघा मॅडम. मला परत बघवत नाही."

कुणाच्या तरी लग्नातल्या संगीतचा व्हिडिओ होता. नात्यातल्या कुणीतरी तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. हिरव्या पोशाखातली त्यांची मुलगी, वय ३१, कमरेच्या एकाच बाजूने ठेका धरत होती. खांदे आणि मान जागच्या हलत नव्हत्या. मला ते सुंदर वाटलं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. बाई म्हणाल्या, "बारमधल्या बायका आणि ही, फरक काय हो?"

आपल्याकडे हा प्रश्न हवेतून येत नाही. २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली तेव्हा बाई रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या शिक्षिका होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मनात बसलेलं चित्र निकालाने पुसलं जात नाही. मी त्यांना एवढंच म्हणाले की बारमधल्या बायकाही घर चालवायलाच नाचत होत्या, आणि मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या मंगळवारी. नोकरी म्हणे दोन वर्षांपूर्वीच सोडलीय. मला सांगायची, नोकरी सांभाळून झुंबाचे क्लास घेते." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "रोज रात्री फोन करते मला. सातशे दिवस झाले, मॅडम. सातशे वेळा खोटं बोलली."

हा आकडा त्यांनी घरी मोजून आणला होता. त्यांना खरी जखम कुठे झाली आहे ते मला तिथे कळलं. अशा प्रकरणांत पालक बोलतात नाचाबद्दल, पण रडू येतं ते दुसऱ्याच्या तोंडून कळल्याचं. तेव्हा तुम्हीही अशा चिंतेत असाल, तर मुलीशी बोलण्याआधी स्वतःला विचारून बघा की तिच्या कामाचा राग आलाय की लपवण्याचा. या दोन गोष्टींची उत्तरं वेगळी आहेत.

मुलगी आठवड्याने आली. तिच्या बाबतीत माझी चूक झाली. पहिल्याच भेटीत मी तिला विचारलं, "दोन वर्षं बघून, नाहीच जमलं तर नोकरीचं काही डोक्यात आहे का?" तिचा चेहरा मिटला. ती म्हणाली, "आईने पाठवलेला प्रश्न आहे ना हा?" तिचं खरं होतं. काम काय आहे हे समजून न घेताच मी त्यातून बाहेर पडायची वाट विचारली होती. मी तिची माफी मागितली आणि म्हटलं, "या कामात तुला कुणासारखं व्हायचंय, ते पुढच्या वेळी लिहून आण. आई पण असतील."

तिसऱ्या भेटीला दोघी आल्या. शेजारी बसल्या, पण मधल्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवून. मुलीच्या कागदावर पहिलं नाव होतं बदिया मसाब्नी. दमास्कसमध्ये जन्मलेली ही बाई स्वतः नाचायची, गायची, आणि १९२६ मध्ये कैरोत तिने स्वतःचं सभागृह उघडलं. घरात, लग्नात, छोट्याशा जागेत होणारा नाच तिने मोठ्या रंगमंचावर आणला. मंच मोठा म्हणून हात मोकळे झाले, मंचभर फिरणं आलं, समूहाच्या रचना आल्या. फक्त बायकांसाठी दुपारचे खेळही ती लावायची. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या पुढे गाजलेल्या दोघी नर्तकी तिच्याच तालमीत तयार झाल्या. इजिप्तमध्ये या नाचाला 'रक्स शरकी' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. 'पोटाचा नाच' हे नाव युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी दिलेलं, आणि निम्मी बदनामी त्या नावाचीच आहे, हे मुलीचं म्हणणं मलाही पटतं.

बाई सगळं ऐकत होत्या. मग वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बरं. या बायकांचं पुढे काय झालं?"

इतका नेमका प्रश्न मलाही सुचला नव्हता. मुलीने उत्तर दिलं. कारिओका सिनेमात गेली, नंतर नवऱ्याबरोबर स्वतःची नाटक मंडळी काढली, १९९९ मध्ये वारली तेव्हा अख्खा इजिप्त तिला ओळखत होता. बदियाचं मात्र वेगळं झालं. करवसुलीचा तगादा मागे लागला आणि तिला कैरो सोडावं लागलं. ती लेबनॉनला गेली, १९७४ मध्ये तिकडेच वारली.

"हिशेब नव्हते का ठेवले तिने?" बाई पटकन बोलून गेल्या. आणि पहिल्यांदाच मुलीकडे वळून, "तू ठेवतेस का?"

मुलगी गप्प. पैसे पाकिटात यायचे, पाकीट कपाटात जायचं.

पुढचे दोन महिने आमचं खरं काम त्या पाकिटांवर झालं. मी तिला वर्षाचे बारा महिने मांडून प्रत्येक महिन्यात काय आलं ते लिहायला लावलं. कागद भरल्यावर दिसलं की लग्नसराई आणि डिसेंबरच्या कार्यक्रमांचे पैसे मोठे, पण चातुर्मासात ते रकाने जवळपास कोरे. घरभाडं बाराही महिने निघत होतं ते क्लासच्या फीमधून. म्हणजे तिला ज्याची लाज वाटत होती, 'मी आता नुसती शिकवणारी झालेय', तोच तिच्या धंद्याचा कणा होता. चाळिशीनंतरच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. महमूद रेदा या इजिप्शियन नर्तकाने १९५९ मध्ये आपलं पथक काढलं आणि मंचावरून उतरल्यावरही देशोदेशी शिकवत राहिला. २०२० मध्ये वयाच्या ९०व्या वर्षी तो गेला. गुडघे थकले तरी शिकवता येतं. त्यासाठी शिकवण्याची पद्धत मात्र वेळेत बसवावी लागते, आणि तिची पद्धत तेव्हा तिच्या डोक्यात होती, कागदावर कुठेच नव्हती.

सुरक्षिततेचं तर आम्ही लेखीच ठरवलं. आगाऊ रक्कम आल्याशिवाय तारीख द्यायची नाही. दाराला कडी असलेली कपडे बदलायची खोली हवीच. सोबत एक ओळखीचं माणूस असेल. जिथे पाहुणे दारूचे ग्लास घेऊन मंचावर चढतात तिथे पुन्हा जायचं नाही, मग मानधन कितीही असो. हे कलम सांगताना तिचा आवाज जरा बदलला. काय घडलं होतं ते तिने पुढे एकटी आल्यावर सांगितलं, आणि आईला ते कधी सांगायचं हे तिचं तिने ठरवावं असं आमचं ठरलं. आधीच्या लपवण्यात आणि यात फरक आहे. आपलं दुखणं कुणाला, कधी सांगायचं हा हक्क तिचाच आहे.

लग्नाबद्दल फार बोलत नाही. आपलं काम लपवून जमवलेलं स्थळ पुढे जड जातं, एवढं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

बाईंचं मन एका दिवसात वळलं असं मात्र झालं नाही. एकदा मुलगी कागदावरच्या दुसऱ्या नावाबद्दल सांगत होती, फरीदा फहमी, रेदाच्या पथकातली प्रमुख नर्तकी. तिचे वडील कैरो विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि मुलीच्या नाचामागे ते उघडपणे उभे राहिले. पांढरपेशा घरातली मुलगी मंचावर नाचते हे इजिप्तमध्ये लोकांनी मान्य केलं, त्यात या वडिलांचा वाटा मोठा. "प्राध्यापक?" बाईंनी दोनदा विचारलं. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "शाहू कला मंदिरात लावणीचा कार्यक्रम होता मागे. फक्त महिलांसाठी. आम्ही शाळेतल्या सगळ्या गेलो होतो. मी शिट्टी मारली होती."

"आई, तू?" मुलीचा विश्वासच बसेना.

"दोन बोटं घालून. त्या बाईने नाचता नाचता माझ्याकडे बघून मुजरा केला." आणि मग हळूच, "पण तिच्या आईला काय वाटत असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही."

त्या दिवशी मी वेळ संपल्याचं सांगितलं नाही. पुढच्या वेळी मधली पिशवी खाली होती.

मुलीला आता स्वतःचा प्रयोग उभा करायचा आहे. कैरोच्या त्या सभागृहाची गोष्ट, नाच आणि निवेदनातून, आणि एक खेळ फक्त बायकांसाठी. निर्मितीत शिरल्यावर तिला कळतंय की नाच हा त्यातला सोपा भाग. संहिता प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची, नाट्यगृहाची तारीख मिळवायची, प्रकाशयोजनेचं बोलायचं, संगीताच्या हक्कांचं बघायचं. मोठं नाट्यगृह आधी नको, शंभरेक प्रेक्षकांच्या जागेत सुरुवात कर आणि क्लासची फी यात घालू नकोस, एवढं मी सांगितलं आहे. तिने पहिलं ऐकलं. दुसऱ्याबद्दल आमचा अजून वाद चालू आहे.

शेजारणीने विचारलं तर बाई अजूनही 'नृत्याचे क्लास घेते' एवढंच सांगतात. मुलीने ते तूर्त मान्य केलं आहे. रात्रीचा फोन चालू आहे. महिन्यातून एकदा बाई साताऱ्याहून येतात, येताना शाळेत वापरायच्या तशी लांब वही आणतात, पावत्या चिकटवतात, फी न भरलेल्यांच्या नावापुढे लाल फुली मारतात. मागच्या खेपेला त्यांनी हिरव्या पोशाखाचे सैल झालेले हूक पक्के करून दिले. पट्ट्यावरची नाणी मोजली, तीन कमी होती. ती कुठे मिळतात हे विचारायला त्यांनी मला फोन केला होता.