बरोबर तर मीच आहे, मग त्रास मलाच का?

"मॅडम, चुकतात ते आणि बीपी वाढतं माझं." समुपदेशनाच्या माझ्या कामात थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्यासमोर सतत येतं. कुणाच्या गेटसमोर रोज कुणीतरी गाडी लावून जातं. कुणाला लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आत घुसणारे छळतात, कुणाला रांगेत मध्येच शिरणारे. सुरुवात झोपेच्या किंवा डोकेदुखीच्या तक्रारीने होते आणि दहा मिनिटांत गाडी 'लोकांना काही रीतभातच राहिली नाही' इथे येऊन थांबते. अशा सगळ्यांसाठी एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या, राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. वर्षानुवर्षं सकाळची फास्ट लोकल. लेडीज डब्याचे अलिखित नियम त्यांना तोंडपाठ. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायची, उभं असताना सॅक पोटाशी घ्यायची, 'कुठे उतरणार?' असं जिने आधी विचारून ठेवलं तिचाच त्या जागेवर हक्क. आणि अशा डब्यात आता रोज कुणीतरी मोबाइलवर मोठ्या आवाजात रील्स लावून बसतं. एका मुलीला ताई म्हणाल्या, "कानात घालायला काही नाही का? घरी काही शिकवलंय की नाही?" मुलगी उलट बोलली, मग ताई बोलल्या, आणि ठाण्यापर्यंत अख्खा डबा ऐकत होता. त्या दिवशी ऑफिसात कामात लक्ष नाही, आणि रात्री मुलाने दार जोरात लावलं म्हणून त्याच्यावर आगपाखड.

"मिस्टर म्हणतात, लक्ष देऊ नकोस. तुम्हीही तेच सांगणार ना?"

"नाही. आवाज होत होता आणि त्याचा त्रास होणारच. चूक त्या मुलीचीच होती."

ताई एकदम सैलावल्या. माझा अनुभव असा, की माणसाचं खरं गाऱ्हाणं आधी खरं मानल्याशिवाय पुढचं एक अक्षर त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मी काम करते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने. तिचं मूळ एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाच्या विचारात आहे. माणूस अस्वस्थ होतो तो घटनेपेक्षा त्या घटनेकडे तो कसा पाहतो त्यामुळे, असं तो सांगे. पण हे तत्त्वज्ञान कुणाला नुसतं ऐकवून उपयोग नसतो. त्यासाठी नेमका प्रश्न सापडावा लागतो. ताईंना मी विचारलं, "त्या मुलीकडून तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

"तिला लाज वाटायला हवी होती!"

"आणि आवाज?"

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सावकाश म्हणाल्या, "आवाज बंद व्हायला हवा होता. पण खरं सांगू? तिने मुकाट्याने बंद केला असता तरी मला पुरलं नसतं. तिने मान खाली घालायला हवी होती."

इथे मला सगळा गुंता दिसला. शहरातल्या अशा बहुतेक भांडणांत मागण्या दोन असतात. एक साधी, बहुधा पुरी होणारी: आवाज कमी कर, गाडी पुढे घे, रांगेत मागे जा. दुसरी अशी, की समोरच्याने स्वतःला असंस्कृत मानावं आणि तेही माझ्यासमोर. ही दुसरी मागणी पहिलीचा घात करते, कारण भरल्या डब्यात कुणीच मान खाली घालत नाही. तिथे आवाज बंद करणं म्हणजे हार मानणं होऊन बसतं.

पुढच्या भेटीत त्याखालचा थर वर आला. "मी अर्ध्या सीटवर लटकत बसते, कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरते. आणि ह्या अशा बिनधास्त!" शेजारी भरून दिलेली वाटी रिकामी परत येऊ नये, ही आपली रीत. ताईंनी अख्ख्या लोकलला वाटी भरून दिली होती आणि रोज ती परत यायची वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "ताई, उद्यापासून कुणीच नियम पाळले नाहीत, तर तुम्ही सॅक पाठीवर घ्याल?" "छे, मला ते जमणारच नाही." "मग तुम्ही ते तुमच्यासाठी पाळता. त्या मुलीने त्याची परतफेड कबूल केलीच कधी होती?"

मग आम्ही एकच वाक्य ठरवलं. जवळ जाऊन, हळू आवाजात, एकदाच: "आवाज जरा कमी करतेस का? डोकं दुखतंय माझं." संस्कार, आईवडील, 'आजकालची पिढी' यातलं काही नाही. आजूबाजूच्यांकडे 'बघा ना' म्हणून पाहायचं नाही.

काही दिवसांनी ताई आल्या त्या दारातूनच बोलत. "तिने तोंड वाकडं केलं. सॉरीबिरी काही नाही. माझा पारा चढायला लागला होता, तेवढ्यात लक्षात आलं, अहो, आवाज तर बंद झालाय! मला तोच बंद करायचा होता ना?" हे त्यांचं त्यांना सुचलं होतं. माझ्या कामात मला सर्वांत समाधान देणारे क्षण हेच.

प्रत्येक वेळी जमलं असं नाही. एकीने ऐकलंच नाही. ताईंची चिडचिड झाली, पण ती दादरच्या पुढे गेली नाही आणि घरी तर पोचलीच नाही.

हे सगळं अर्थात रीतभातीपुरतं. कुणी मुद्दाम अंगचटीला येत असेल, धमकावत असेल, तर तिथे हळू आवाज मुळीच नको; ओरडायचं, मदत मागायची, रेल्वेच्या १३९ वर किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन करायचा. सणांच्या ठरावीक दिवशी सरकार देतं ती रात्री बारापर्यंतची सवलत सोडली, तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानेच मनाई आहे. तो वाजत असेल तर खाली उतरून मंडळाशी हुज्जत घालण्यापेक्षा पोलिसांना कळवा. नियम राखायला यंत्रणा आहे तिथे तो भार एकट्याने उचलायचा नाही.

आणि घरच्यांना एक सांगणं आहे. चिडून घरी आलेल्या माणसाला 'लक्ष देऊ नकोस' म्हणू नका, त्याने तो आणखी एकटा पडतो. आधी 'हो, चुकीचंच वागली ती' एवढं म्हणा आणि मग विचारा, 'तुला काय हवं होतं?' ताईंच्या मिस्टरांना मी हेच सांगितलं होतं. आता ते विचारतात.