प्लॅटिनम मिश्रधातूचे नॅनोकण किलोने स्वस्तात का बनत नाहीत?

भाऊ, हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलचा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ), म्हणजे हेच नॅनोकण, कॉलेजच्या फ्लास्कात मिलिग्रॅमभर बनतो, तो जळगावच्या एमआयडीसीत किलोने का बनू नये, असं तुम्ही विचारलंय. प्लॅटिनम महाग आहेच, पण घोडं अडतं ते बनवण्याच्या रीतीवर.

शोधनिबंधांतले सुबक अष्टफलकी कण बनवायला बहुतेक वेळा ओलेइलअमाइनसारखी रसायनं लागतात. ती कणांना चिकटून बसतात आणि धुवायला ढीगभर सॉल्व्हंट जातं. भांडं मोठं केलं की कडेचं आणि मधलं तापमान वेगळं पडतं. चार माणसांच्या शेवभाजीची कृती लग्नाच्या पंगतीला जशीच्या तशी चालत नाही, तसंच हे. कण लहानमोठे निघतात. हवे असतात साधारण 3 ते 5 नॅनोमीटरचे.

परवडणारी वाट जुनीच आहे. बारीक कार्बन क्लोरोप्लॅटिनिक आम्ल आणि कोबाल्ट नायट्रेटच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवायचा, वाळवायचा, हायड्रोजनच्या भट्टीत तापवायचा. मग सैल कोबाल्ट आम्लाने धुऊन काढायचा, नाहीतर सेल चालताना तो सुटून मेंब्रेनमध्ये, म्हणजे सेलच्या मधल्या पातळ पडद्यात, शिरतो. खोट मोठी आहे: दोन धातू नीट मिसळायला उष्णता जास्त लागते आणि जास्त तापवलं की कण एकमेकांना चिकटून जाड होतात. तरी मी हीच वाट धरेन. टोयोटाच्या 2014 च्या मिराई या हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतही प्लॅटिनम-कोबाल्टच होता.

आणि भट्टीसाठी शुद्ध हायड्रोजन नको; आर्गॉन वायूत 5 टक्के हायड्रोजन मिसळलेलं सिलिंडर घ्या, तेही सरांसमोरच.